२४ फुटी की ३१ फुटी: मांडव्याला पाहिलेल्या दोन जुन्या मोटरबोटी

बोट घ्यायची हे ठरलं आणि घरात दोन तट पडले. ह्यांना मोठीच हवी होती, मला आणि भावोजींना झेपेल ती. आम्ही राहतो बडोद्याला, दांडिया बाजारात, भावोजी अलिबागला. शुक्रवारी रात्रीची गाडी धरायची, सकाळी मुंबईत उतरून अलिबागजवळच्या मांडव्याची फेरी पकडायची, दोन दिवस पाण्यावर काढायचे आणि सोमवारी सकाळी घरी. महिन्यातून दोनदा, ऑक्टोबर ते मे. हे २८ वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये होते, मी बँकेत. त्यामुळे इंजिन ह्यांनी बघायचं आणि हिशेब मी, हे न बोलताच ठरलं. तीन महिन्यांत सात-आठ जुन्या बोटी पाहिल्या, शेवटी दोन उरल्या.

पहिली २४ फुटी, २०११ची. पेट्रोलचं एकच इंजिन, २२० हॉर्सपॉवर, पाण्यातला पंखा मागे स्टर्नड्राइव्हवर, म्हणजे इंजिन आत आणि पंखा फिरवणारा भाग मागच्या पाटीबाहेर. पुढे एक बुटकी केबिन, त्यात दोघांना आडवं होता येतं, उभं राहता येत नाही. दुसरी ३१ फुटी, २००७ची, डिझेलची दोन इंजिनं. केबिनमध्ये हे ताठ उभे राहिले तरी डोक्यावर चार बोटं जागा. छोटा ओटा, शेगडी, दार लावता येईल असा संडास. तिच्यात पाय ठेवला आणि मीही दोन मिनिटं गप्प झाले, इतकी छान होती.

कागदावर फरक सात फुटांचा. प्रत्यक्षात छोटीचं वजन सव्वादोन टन आणि मोठीचं सव्वापाच. बोट लांबीला वाढते तशी रुंदीला आणि खोलीलाही वाढते, म्हणून लांबी सव्वापटीच्या थोडी वर गेली की वजन दुपटीच्या वर जातं. आणि खर्च वजनामागे धावतो: रंग, बॅटऱ्या, नांगर, क्रेन, सगळं.

नांगराचीच गोष्ट सांगते. मोठीवर तो उचलायला विजेची चरखी होती. चाचणीच्या दिवशी बटण दाबलं, चरखी एकदा गुरगुरली आणि बसली. मग ह्यांनी आणि भावोजींनी साखळी हातांनी ओढली. खोलीच्या पाचपट तरी साखळी-दोर सोडावा लागतो, मुंबईकडे उधाणाला भरती-ओहोटीचा फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, तेव्हा सोडलेलं काही थोडंथोडकं नसतं. नांगर वर आला तेव्हा ह्यांचे तळहात लाल झाले होते आणि पुढचे दोन दिवस कंबर धरली होती. हे ६३ वर्षांचे आहेत. छोटीचा नांगर आठ किलोचा, मी एकटीने उचलून पाहिला.

आता तपासणी. कोणत्याही जुन्या बोटीचं इंजिन थंड असताना सुरू करून बघायला हवं. आम्ही मोठी बघायला सकाळी नऊला पोचलो, तर ह्यांनी झाकण उघडून आधी इंजिनावर हात ठेवला. गरम! दलालाने आम्ही येण्याआधीच चालवून ठेवलं होतं. ह्यांनी शांतपणे सांगितलं, आम्ही चहा पिऊन येतो, दुपारी परत येतो, तोवर हात लावू नका. दुपारी एक इंजिन लगेच लागलं, दुसऱ्याने तिसऱ्या खेपेला घेतलं आणि पांढरा धूर सोडत राहिलं. काळा धूर म्हणजे बहुधा इंजिनावर ताण किंवा हवा कमी, निळा म्हणजे तेल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत शिरतंय. ऑइलची पट्टी मात्र स्वच्छ निघाली. ऑइल दूधवाल्या चहासारखं दिसलं तर बोट तिथेच सोडून यावं.

बुडाची तपासणी कानाने होते. प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने ठोकत जायचं. चांगलं फायबर टणटण वाजतं, आत पाणी मुरलं असेल तर आवाज भद्द येतो. छोटीच्या मागच्या पाटीवर, जिथे ड्राइव्ह बसतो तिथे, ह्यांनी अर्धा तास घालवला, कारण त्या फायबरच्या पोटात बऱ्याच बोटींत प्लायवूड असतं आणि ते कुजतं. एक जागा संशयाची वाटली, तिथे ओलावा मोजायचं यंत्र लावून घेतलं. कोरडी निघाली. ड्राइव्हचे बेलोज, म्हणजे पाणी आत येऊ न देणाऱ्या चुणीदार रबरी नळ्या, मात्र चिरमटलेले. ते फाटले की पाणी थेट बोटीत येतं. बदलण्याचा खर्च मी किमतीतून वजा करून मागितला आणि मिळाला.

कागदपत्रांत नोंदणी, विमा, आणि बोट परदेशातून आलेली असेल तर कस्टम भरल्याचा पुरावा, हे तिन्ही मूळ स्वरूपात बघा. मागच्या पाटीवर उजवीकडे बुडाचा नंबर कोरलेला असतो, त्याचे शेवटचे दोन आकडे मॉडेलचं साल सांगतात. एका बोटीवर ते साल जाहिरातीपेक्षा तीन वर्षांनी जुनं निघालं. तिथूनच परत फिरलो.

इंधनाचा हिशेब मी वहीत मांडला. दोन्ही बोटी आरामाच्या वेगाने चालवल्या. छोटीने तासाला ४० लिटर पेट्रोल घेतलं, मोठीने दोन इंजिनं मिळून ६५ लिटर डिझेल. पेट्रोल शंभरच्या वर, डिझेल नव्वदच्या आसपास धरलं तरी तासाला पावणेदोन हजारांचा फरक पडतो. पण इथे मोठीच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, इंजिनाच्या खोलीत तळाशी साचते. पेट्रोलच्या बोटीत चावी फिरवण्याआधी चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे ती वाफ बाहेर फेकणारा पंखा, चालवावाच लागतो, दर वेळी, कितीही घाई असली तरी. आमच्याकडे तो लावायचं काम माझं आहे आणि मी घड्याळ बघून लावते. डिझेलला हा धोका फार कमी. शिवाय दोन इंजिनं असली की एक पुढे, एक मागे घालून बोट जागच्या जागी वळते. आमची छोटी हळू वेगात धक्क्याला लावताना भरकटते, शिकायला महिने लागले.

तरी ह्यांचं मन मोठीतच होतं, कारण बडोद्याहून भाचरं, शेजारी, सगळ्यांना आणायचं होतं. "नऊ जण बसतात गं," म्हणायचे. मला ते ऐकवेना. १८ जानेवारी २०२४ला आमच्या बडोद्यात हरणी तलावात सहलीच्या शाळकरी मुलांची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत मावतील त्याहून जास्त जण बसवले होते आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेटं नव्हती. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत कुणाच्या घरी टीव्हीचा आवाज सुद्धा मोठा नव्हता. मी ह्यांना एवढंच विचारलं, नऊ जणांत दोघं पाण्यात पडली तर त्यांना वर घ्यायला आपण किती जण? चालवणारे तुम्ही, दोर टाकणारी मी. भावोजी असतील तर असतील. छोटीवर सुकाणूजवळच्या पट्टीवर ७ माणसं आणि 'क' दर्जा लिहिलाय, म्हणजे साधारण दोन मीटरपर्यंतच्या लाटा. आम्ही पाचच जण नेतो, पाचही जॅकेटं धक्क्यावरच अंगात घालून.

छोटीत मला खरोखर खटकलं ते एकच: संडास नाही. पुरुष मंडळी बोटींबद्दल बोलताना हा विषय शेवटी काढतात, पण बाईमाणूस सहा तास पाण्यावर असेल तर हाच पहिला असतो. पाणी कमी पिऊन उन्हात बसणं हा उपाय नव्हे. आम्ही हलवता येणारा रसायनवाला संडास घेतला, केबिनला जाड पडदा लावला. चालतं. पण छोटी बोट घेणाऱ्यांनी घरातल्या बायकांना हे आधी विचारा.

शेवटी छोटी घेतली. दुसऱ्याच फेरीला थळच्या पुढे, खांदेरी किल्ल्याचा तट दिसायला लागला होता तेव्हा, तापमानाचा भोंगा वाजला. ह्यांनी इंजिन लगेच बंद केलं, मी नांगर टाकला. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाचं झाकण उघडलं तर आतल्या रबरी चक्राच्या सहा पात्यांपैकी दोन तुटलेल्या. जुन्या मालकाने कधी बदललं होतं देव जाणे. नवं चक्र डब्यात होतं, पण तुटलेले तुकडे शोधणं महत्त्वाचं, ते पुढे नळीत अडकतात. एक तुकडा लगेच सापडला, दुसरा नळी काढून उलटी झटकल्यावर माझ्या ओंजळीत पडला, करंगळीच्या नखाएवढा. पाऊण तासात परत निघालो. तोवर थेपले आणि लीलो चेवडो संपला होता.

मुंबई-अलिबागला राहत असाल, दर आठवड्याला जाणं होत असेल आणि बोट चालवायला पगारी तांडेल ठेवणार असाल तर ३१ फुटी घ्या, दुपारी वायव्येचा वारा सुटल्यावर ती कितीतरी कमी आपटते. आमच्यासारखं लांबून येणाऱ्यांना पावसाळ्याचा प्रश्न मोठा, बोट पाण्याबाहेर काढून रस्त्याने न्यायची असते. छोटीची रुंदी साडेआठ फूट, रस्त्यावर २.६ मीटरची मर्यादा, त्यात ती जेमतेम बसते. मेच्या शेवटच्या आठवड्यात भावोजींनी ट्रॅक्टर आणला, ओहोटीच्या आधी ती ट्रेलरवर चढवली आणि त्यांच्या नारळाच्या वाडीत नेऊन झाकली. बेलोज तिथेच बदलून घेतले.