भाड्याची गादी घ्यावी, रजई घेऊ नये

नाताळच्या सुट्टीपासून संक्रांतीपर्यंत नाशकातल्या घरांत पाहुण्यांची ये-जा चालू असते. चार माणसांच्या घरात बारा झाली तरी जेवणाचं निभून जातं. अडतं ते रात्री अंथरुणं घालताना. मग मंडप-बिछायतवाल्याला फोन जातो आणि गादी, उशी, रजई, चादर असा सेट टेम्पोने दारात येतो. लग्नाच्या वऱ्हाडासाठी ही सोय उत्तम. घरच्या पाहुण्यांसाठी मात्र या सेटमधल्या प्रत्येक नगाचा वेगळा विचार करावा लागतो. गादी जरूर घ्यावी, उशी टाळावी आणि रजई शक्यतो घेऊच नये.

आधी गादीचं. नाशिकची थंडी पहाटेची. आभाळ निरभ्र असलं की जमीन रात्रभर उष्णता सोडत जाते आणि सूर्योदयाच्या थोडं आधी पारा सगळ्यात खाली येतो. निफाडकडे तर काही वर्षी तो पाच अंशांच्याही खाली उतरतो. शहरात गंगापूर रोडच्या टोकाला किंवा मखमलाबादकडे, जिथे शेतं आणि नदी जवळ आहे, तिथे गावठाणापेक्षा गारवा जास्त. मुंबईहून आलेला पाहुणा वर दोन पांघरुणं घेऊनही कुडकुडतो, कारण त्याला थंडी खालून लागत असते. फरशी अंगातली ऊब सतत ओढून घेते, आणि अंगाखाली दबलेल्या कापसात हवा उरत नसल्याने तो ती अडवू शकत नाही. म्हणून पैसे आधी खालच्या जाडीवर खर्च करावेत.

घरासाठी भरून घेतलेल्या ३×६ फुटांच्या गादीत आठ-दहा किलो कापूस सहज असतो. बिछायतीची गादी यापेक्षा पातळ असते, कारण ती उचलायला, थप्पी लावायला हलकी हवी. वर्षानुवर्षं पिंजली न गेल्याने तिच्यात गाठीही झालेल्या असतात. टेम्पोतून उतरवतानाच गादीच्या मधोमध मूठ दाबून बघा. खड्डा तसाच राहिला तर कापूस मेला आहे. हाताला गोळे लागले तर पाठीला रात्रभर लागतील. नग बदलून मागा. नाहीच मिळाला तर त्या गादीखाली घरची जाड सतरंजी आणि तिच्याखाली पॅकिंगचा पुठ्ठा किंवा फोमची शीट घाला. प्लास्टिकचा कागद मात्र घालू नका. अंगाची वाफ गार प्लास्टिकवर साचते आणि सकाळी गादी खालून दमट निघते.

मागणी नोंदवताना माप विचारायला बरेच जण विसरतात. बिछायतीत अडीच फुटी आणि तीन फुटी अशा दोन्ही गाद्या चालतात. १०×१२ च्या खोलीत बारा फुटी भिंतीला डोकं करून तीन फुटी चार गाद्या बसतात आणि पायाकडे चार फूट वाट उरते. १०×१० च्या खोलीत मात्र तीन फुटी तीनच बसतात, अडीच फुटी चार. दार आत उघडत असेल तर एक गादी त्यातूनही कमी धरा. लहान मुलांसाठी तीन फुटी दोन गाद्या जोडून तिघांना झोपवता येतं. वर ९०×१०० इंची डबल चादर एकसंध घातली तर दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच खोचायला मिळते आणि रात्रीत मधली फट पडत नाही. दोन सिंगल चादरी घातल्या तर मधलं पोर मध्यरात्री फरशीवर सापडणार, हे ठरलेलं.

आता रजई. तिच्याबद्दल हे मत का, ते नीट सांगायला हवं. कापसाची रजई धुता येत नाही. धुतली तर कापूस एका कोपऱ्यात गोळा होतो आणि हिवाळ्यात ती आतपर्यंत वाळायला दोन-तीन दिवस लागतात. त्यामुळे भाड्याच्या रजईची फार तर खोळ धुतली जाते, तीही खोळ वेगळी असेल तरच. कापडावर थेट टाके घातलेल्या रजईला खोळ नसते. ती गेल्या लग्नातून निघून तुमच्या हनुवटीखाली येते. गादी आपल्या चादरीखाली झाकली जाते, रजई तोंडाला लागते. फरक एवढाच, पण पुरेसा. त्यात पावसाळाभर गोदामात पडून राहिलेल्या मालाला कुबट वास असतो आणि तो दाबायला डांबर गोळ्या टाकलेल्या असतात. दमेकऱ्याला हा वास सोसत नाही आणि तान्ह्या बाळाजवळ तर असलं पांघरूण ठेवूच नये.

घ्यावीच लागली तर पुढचं सांभाळा. सिंगल रजई दोन ते अडीच किलोची असावी. त्याहून फार जड लागली तर आत मिलचा वेस्ट कापूस असण्याचा संभव. वजन जास्त, ऊब कमी. ६०×९० इंची दोन सिंगल चादरी तीन बाजूंनी शिवून चौथ्या बाजूला नाड्या लावल्या की पाच बाय साडेसात फुटांची घरची खोळ तयार होते. ती चढवूनच रजई पाहुण्याला द्यावी. याहून सरळ मार्ग म्हणजे घरात असलेल्या गोधड्या आणि सोलापुरी चादरी बाहेर काढणं. एक सोलापुरी आणि तिच्यावर एक गोधडी, या दोन थरांत हवा अडकते आणि शहरातल्या नेहमीच्या थंडीला ते पुरतं. पहाटेसाठी एक जादा पांघरूण पायाशी घडी करून ठेवावं. पाहुणा संकोचाने मागत नाही. दरवर्षी हाच प्रसंग येत असेल तर चार-सहा पातळ जयपुरी रजया विकत घेतलेल्या बऱ्या. दिवाणाच्या कप्प्यात मावतात आणि पुढे वर्षानुवर्षं चालतात.

उशीला तर दुसरी संधीच देऊ नये. तेल, घाम, लाळ सगळं तिच्यात मुरलेलं असतं आणि अभ्रा घातला तरी वास येतो. घरच्या उशा कमी पडल्या तर जाड टॉवेलची किंवा शालीची घडी अभ्र्यात भरा. मान भाड्याच्या उशीपेक्षा सुखात राहते.

सगळ्यात मोठा धोका ढेकणांचा, आणि दुकान चकाचक असलं म्हणून तो टळत नाही. माल एका कार्यालयातून दुसऱ्या घरात फिरतो, तेही फिरतात. तपासणी टेम्पोजवळच, घराबाहेर, उजेडात करावी. गादीच्या कडेची शिवण नखाने उलगडून बघा, आणि मधले टाके जिथे खोल जातात तिथेही. शाईच्या टिपक्यांसारखे काळे ठिपके, फिकट सालपटं किंवा पांढरे बारीक दाणे दिसले तर तो एक नग नको म्हणून भागत नाही, अख्खी थप्पी परत करा. उन्हात टाकून काम होईल या भरवशावर राहू नका. ढेकूण मरायला पंचेचाळीस-पन्नास अंशांची उष्णता पार आत पोचावी लागते. डिसेंबरच्या नाशिकच्या उन्हात जाड गादीचा गाभा तेवढा तापत नाही. उपाशी ढेकूण कित्येक महिने जगतो, त्यामुळे पाहुणे गेले तरी तो जात नाही.

ऊन तरीही दाखवायचंच, पण कुबटपणा घालवायला. माल पाहुण्यांच्या आदल्या दिवशी सकाळी मागवा, अकरा ते तीन गच्चीवर टाका, एकदा उलटवा, आणि चारच्या आत खाली आणा. उशीर झाला की गादी पुन्हा गार आणि ओलसर होते. संध्याकाळी माल आणून देणारा दुकानदार सोयीचा वाटतो, पण त्यात तपासणीही होत नाही आणि ऊनही मिळत नाही.

व्यवहाराकडे वळू. भाडं नगावर आणि दिवसावर असतं. "दिवस" म्हणजे काय ते आधी ठरवा. शनिवारी संध्याकाळी आणून सोमवारी सकाळी परत, या दोन रात्रींचे कुणी दोन दिवस धरतं, कुणी तीन. टेम्पोभाडं आणि हमाली भाड्यात आहे की वेगळी, हेही विचारा. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या गल्ल्यांत टेम्पो शिरत नाही, तिथे अर्धं अंतर डोक्यावरून न्यावं लागतं आणि हमालीचा वाद दारातच होतो. सिडकोतल्या अरुंद जिन्यांचीही आधी कल्पना द्यावी. मार्गशीर्षात लग्नतिथी आणि नाताळचा आठवडा एकत्र आले की चांगला माल कार्यालयांकडे जातो आणि घरगुती गिऱ्हाइकाला उरलेला मिळतो, म्हणून पंधरा दिवस आधी अनामत देऊन पावतीवर नग आणि माप दोन्ही लिहून घ्या. माल घेताना जुन्या डागांचे फोटो काढून दुकानदारालाच पाठवून ठेवा. परतीच्या वेळी हुज्जत वाचते. लहान मुलांच्या गादीवर रबरी शीट हवीच, कारण ओल्या गादीचे पैसे अनामतीतून हमखास कापले जातात.

ज्येष्ठांना जमिनीवर झोपवू नये. गुडघेदुखी असलेल्या माणसाला पहाटे गादीवरून उठणं थंडीहून अवघड. घरातला पलंग त्यांना द्या, घरच्यांनी खाली झोपावं. बिछायतीत लोखंडी घडीचे पलंगही मिळतात, पण बहुतेक मधे झोळ पडलेले असतात आणि खालून वारा लागतो. त्यावर आधी जाड गोधडी, मग गादी.

खोलीत ऊब यावी म्हणून कोळशाची शेगडी आत ठेवून दारं लावणं तर जिवावर बेतणारं आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत त्याचा पत्ता लागत नाही. हीटर लावायचाच तर अंथरुणापासून किमान तीन फूट दूर, १६ अँपिअरच्या सॉकेटवर, एक्स्टेन्शन बोर्डाशिवाय, आणि झोपण्यापूर्वी बंद. दहा माणसं झोपलेल्या बंद खोलीला तसाही त्याची गरज कमीच पडते. एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवली तर सकाळी कुणाचं डोकं जड होत नाही.