एबी फॉर्म की मुक्त चिन्ह?

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहणारी माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. मागे एकदा जेवताना तिने विचारलं, "मामा, पुढच्या वेळी पालिकेला उभी राहू का?" तिची आई लगेच म्हणाली, "त्या चिखलात कशाला?" विषय तिथेच मिटला. आपल्याकडे तो असाच मिटतो, आणि मग आपणच म्हणतो की चांगली माणसं राजकारणात येत नाहीत.

दोन दिवसांनी मी तिला फोन केला. उभं राहायचं की नाही हे तिचं तिने ठरवावं. माझा प्रश्न पुढचा होता: पक्षाकडून की अपक्ष? मी एका अपक्षाचा पोलिंग एजंट म्हणून बसलो आहे आणि नंतर एका पक्षाच्या उमेदवारासाठी घरोघरी स्लिपाही वाटल्या आहेत. दोन्हीकडचा वडापाव खाल्लेला असल्यामुळे थोडं बोलायचा हक्क आहे असं समजतो. शिवाय घाई नाही. मुंबई पालिकेचं मतदान जानेवारी २०२६ मध्ये झालं, म्हणजे पुढचं २०३१ मध्ये. अर्थात वेळेवर झालं तर. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षं आपण प्रशासकावरच काढली.

आधी निवडून येण्याचं बघू. मला वाटतं इथे अपक्षाला लोक उगाच कमी लेखतात. पुण्या-ठाण्यात चार जणांचं पॅनल असतं, त्यात एकटा माणूस हरवून जातो. मुंबईत २२७ प्रभाग आणि प्रत्येकी एकच नगरसेवक. २०१७ मध्ये मतदार साधारण ९२ लाख होते, म्हणजे प्रभागाला चाळीस हजार. त्यातले ५५ टक्के आले, म्हणजे बावीस हजार. ही मतं चार-पाच जणांत फुटतात. त्याच वर्षी गिरगावातल्या २२० क्रमांकाच्या प्रभागात पहिल्या दोघांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली आणि निकाल चिठ्ठी टाकून लावावा लागला. सहा हजारसुद्धा नाहीत! रोज पाठ-गुडघे धरून येणाऱ्या लोकांशी बोलणाऱ्या बाईला पाच वर्षांत तेवढी माणसं जोडता येतील. जुहूतून ॲडॉल्फ डिसोझा २००७ मध्ये नागरिकांचे उमेदवार म्हणून निवडून आलेच की.

पण अपक्षाची खरी गोची शेवटच्या पंधरवड्यात होते. पक्षाचं चिन्ह वर्षानुवर्षं लोकांच्या डोळ्यांत बसलेलं असतं. अपक्षाला मुक्त चिन्ह, म्हणजे कोणत्याही पक्षाचं नसलेलं, अर्ज मागे घ्यायची मुदत उलटल्यावर मिळतं आणि उरलेल्या थोड्या दिवसांत "माझं चिन्ह अमुक" हे प्रत्येक घरात पोचवावं लागतं. आमच्या उमेदवाराकडे निम्म्या केंद्रांवर बसवायलाही माणसं नव्हती. पक्षाकडे शाखा असते, गटप्रमुख असतात, कोणत्या बिल्डिंगमधला कोण गावी गेलाय हे ठाऊक असतं. मीरा सान्याल यांचं उदाहरण मी तिला मुद्दाम दिलं. बँकेच्या मोठ्या पदावरच्या या बाई २००९ मध्ये दक्षिण मुंबईतून लोकसभेला अपक्ष उभ्या राहिल्या, मतं दहा हजारांच्या आसपास. २०१४ मध्ये त्याच मतदारसंघातून आम आदमी पक्षातर्फे लढल्या, तर चाळीस हजारांच्या आसपास. दोन्हीदा पडल्या. त्या वेळी नव्या पक्षाचं वारंही होतं हे खरं, पण उमेदवार तोच आणि मतं चौपट.

उलट पक्षाकडून जायचं तर एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने अधिकृत उमेदवारी दिल्याचा कागद, हाती पडेपर्यंत काही खरं नसतं. तो कधीकधी अर्ज भरायच्या शेवटच्या दुपारी येतो. त्यात आरक्षणाची सोडत. २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत, ही तिची जमेची बाजू. पण प्रभाग महिलांसाठी निघाला की माजी नगरसेवकाच्या घरातली सून किंवा बायको पुढे येते आणि सतरंज्या उचललेली कार्यकर्ती मागेच राहते.

सभागृहात मात्र पारडं पक्षाकडे झुकतं, आणि चांगलंच झुकतं. पालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. त्या पैशाच्या किल्ल्या स्थायी समितीत. तिथे २७ सदस्य, जागा पक्षांच्या संख्याबळावर. एकट्या अपक्षाने प्रश्न विचारावेत, प्रभागातली गटारं बघावीत, पण कंत्राटांचे प्रस्ताव जिथे मंजूर होतात त्या टेबलाशी त्याला सहसा खुर्ची नसते. खुर्ची हवी तर निकालानंतर कोकण भवनात, म्हणजे विभागीय आयुक्तांच्या कार्यालयात, कुणाच्या तरी गटात नाव नोंदवायचं. म्हणजे फिरून पक्षच.

मतदाराला हे कळत नाही असं नाही. माझ्या अपक्षाला दारोदार एकच प्रश्न यायचा: "निवडून आल्यावर कोणाकडे जाणार?" कायद्याने, म्हणजे स्थानिक संस्थांसाठीच्या १९८६ च्या अपात्रता कायद्याने, अपक्षाने नंतर पक्षात प्रवेश केला तर पद जातं. पण "पाठिंबा" द्यायला कोण अडवतो? पक्षवाल्यांना तरी लोकांनी काय म्हणून विश्वास द्यावा? २०१७ मध्ये मनसेचे सातपैकी सहा नगरसेवक काही महिन्यांत शिवसेनेत गेले. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. मत दिलेल्या चिन्हाचं पुढे काय होईल याची हमी आता कुणी मागतही नाही. या एका बाबतीत दोघे सारखेच.

मृणालताई गोरे तिला माहीतच नव्हत्या. सांगितलं: समाजवादी, पक्ष लहान, गोरेगावात पाण्यासाठी बायकांना घेऊन लढल्या, १९६१ मध्ये पालिकेत, १९७२ मध्ये विधानसभेत, १९७७ मध्ये लोकसभेत. लोक पक्षाचं नाव विसरले, "पाणीवाली बाई" विसरले नाहीत. माझा कौलही त्याच बाजूने आहे. पक्ष घे, पण ज्याचा व्हिप, म्हणजे सभागृहात कसं मत द्यायचं याचा आदेश, पाळताना मान खाली जाणार नाही असा घे, मोठा नसला तरी चालेल. आणि त्याच्या दारात जाशील तेव्हा तुझे स्वतःचे तीन-चार हजार लोक सोबत असू देत. तेवढे असले तर एबी फॉर्म नाही मिळाला तरी तू घरी बसत नाहीस.

एक गोष्ट दोन्ही वाटांवर सारखीच अडते आणि चारित्र्याच्या गप्पांत ती कुणी काढत नाही. २०१७ मध्ये नगरसेवकाचं मानधन दहा हजारांवरून महिना २५,००० झालं. २०२६ च्या निवडणुकीत खर्चाची मर्यादा १५ लाख होती. पाच वर्षांचं सगळं मानधन साठवलं तरी १५ लाखच होतात, हिशेब करून पाहा. पहाटेपासून पाणी आलं नाही म्हणून फोन घेणाऱ्या माणसाने घर कशावर चालवायचं? मग उरतात ते पिढीजात पैसेवाले, बांधकामवाले किंवा ज्यांना तो खर्च गुंतवणूक वाटतो असे. चांगली माणसं हवीत म्हणणाऱ्यांनी मानधन वाढवा म्हणून एकदा तरी ओरडावं. "नगरसेवकांचे खिसे भरता" ही बोंब होईल, होऊ दे.

फोन ठेवताना तिने एवढंच विचारलं की नगरसेवकाला दवाखाना चालू ठेवता येतो का. येतो. सध्या ती हिशेब मांडून बसली आहे, फक्त संध्याकाळचे पेशंट घेतले तर गाळ्याचं भाडं निघतं का.