टेस की ॲब्लेशन? सोलापुरात राहून निर्णय घेणाऱ्यांसाठी

यकृताच्या कर्करोगात शस्त्रक्रिया शक्य नसेल आणि गाठ ३ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे दोन उपचारांच्या सीमारेषेवर असेल, तर डॉक्टर कधी कधी दोन्ही पर्याय समोर ठेवतात: जांघेतल्या धमनीतून नळी नेऊन गाठीत केमोचे औषध सोडायचे आणि तिचा रक्तपुरवठा बंद करायचा, ती टेस, आणि पोटावरून सुई घालून गाठ जागीच जाळायची, ते ॲब्लेशन. माझ्या थोरल्या बंधूंवर पहिल्या खेपेस पुण्यात टेस झाली. पुढे दुसऱ्या जागी नवी गाठ दिसली, तेव्हा निवड आमच्यावर सोपवली गेली आणि आम्ही ॲब्लेशन घेतले. मी डॉक्टर नाही, त्यामुळे पुढील मजकूर एका नातेवाइकाचा अनुभव म्हणूनच वाचावा.

दोन्हींच्या नेहमीच्या त्रासाबद्दल रुग्णालयात नीट सांगितले जाते. क्वचित होणाऱ्या गुंतागुंतींचा उल्लेख मात्र संमतिपत्रावरच्या बारीक अक्षरांत उरकला जातो. टेसनंतर यकृतात गळू होऊ शकते. औषध पित्ताशयाच्या धमनीत शिरल्यास पित्ताशयाला सूज येते. औषधासोबत सोडलेले लिपिओडॉल हे तेल फुफ्फुसापर्यंत पोहोचून धाप लागू शकते. आणि सिरोसिसने, म्हणजे यकृत निबर होत जाण्याच्या आजाराने, आधीच थकलेले यकृत या धक्क्याने कोलमडू शकते. ॲब्लेशनमध्ये रक्तस्राव, लगतच्या आतड्याला किंवा पित्तनलिकेला भाजणे आणि सुईच्या वाटेवर कर्कपेशी रुजणे हे धोके आहेत. शेवटचा टाळण्यासाठी सुई बाहेर काढताना तिची वाटही तापवतात. गाठ वरच्या बाजूला, श्वासपटलाला चिकटून असेल, तर त्या पडद्याला झालेली इजा काही महिन्यांनी किंवा वर्षा-दोन वर्षांनीही भोक होऊन उघड होते आणि त्यातून आतडे छातीत सरकते. नुसती यादी पाहिली, तर ॲब्लेशनच अधिक भयंकर वाटते, हे मान्य केले पाहिजे.

तरीही आमचा निर्णय या यादीवर ठरला नाही. तो ठरला तापावर. टेसनंतर ताप, पोटदुखी आणि मळमळ हे जवळजवळ अपेक्षितच असते, कारण गाठ आत मरत असते. हा ताप आठवडाभर रेंगाळला तरी ते नवल मानले जात नाही. गळूची सुरुवातही तापानेच होते आणि ती बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, म्हणजे रुग्ण पुण्या-मुंबईहून घरी परतल्यानंतर होते. मग काखेत थर्मामीटर लावून बसलेल्या घरच्यांनी हा ताप कोणता हे कसे ओळखावे? त्यात महिना वैशाखाचा, आणि वैशाखात अंग तापलेले नाही असा माणूस सोलापुरात शोधूनही सापडत नाही. पुण्याला फोन केला की ‘सोनोग्राफी करून घ्या’ असे सांगत. इथे सीटी काढला, तर अहवालात ‘गाठीत हवा, गळूची शक्यता’ असे आले. वास्तविक रक्तपुरवठा तुटलेल्या गाठीत जंतुसंसर्ग नसतानाही हवेचे बुडबुडे दिसू शकतात, आणि आधीच्या प्लेट शेजारी ठेवल्याखेरीज त्यांचा अर्थ लागत नाही. प्लेट पुण्यात होत्या. दादांना गळू झालेलेच नव्हते, पण ते कळेपर्यंत घरात कोणाला धड झोप नव्हती. शिवाय टेस बहुधा एकदा करून भागत नाही, म्हणजे हा सगळा प्रकार प्रत्येक खेपेस नव्याने.

ॲब्लेशननंतरही अंग मोडून येते आणि बारीक ताप राहतो, हे खरे. पण दादांच्या बाबतीत तो लवकर ओसरला आणि कोणालाही रात्री फोन करावा लागला नाही. एका रुग्णाच्या अनुभवावरून नियम काढू नये, हे मलाही कळते.

पित्तनलिकेत स्टेंट (ती उघडी ठेवणारी पोकळ नळी) असेल किंवा ती आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया पूर्वी झाली असेल, तर माझे म्हणणे बाजूला ठेवावे. अशा रुग्णात आतड्यातील जंतू सहज यकृतापर्यंत चढतात आणि दोन्ही उपचारांत गळूचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. गाठ बरीच मोठी असेल, गाठी अनेक असतील किंवा आतड्याला खेटून असतील, तर टेसच योग्य ठरू शकते. पण दोन्ही पर्याय खरोखर सारखेच खुले असतील आणि घर रुग्णालयापासून रात्रभराच्या प्रवासावर असेल, तर माझा कल ॲब्लेशनकडे आहे.

काहीही निवडले, तरी घरी निघण्यापूर्वी सीटीची सीडी आणि प्लेट मागून घ्याव्यात आणि इथल्या फिजिशियनना आधीच दाखवून ठेवाव्यात. उतरलेला ताप थंडी वाजून पुन्हा चढला, डोळे पिवळे दिसू लागले किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे. आणि तापासाठी ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून डायक्लोफेनॅकसारखी गोळी आणू नये. सिरोसिसमध्ये ती मूत्रपिंडावर बेतू शकते. पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेतच द्यावे.