पगला काय घालावं: ड्राय फूड की घरचं शिजवलेलं?

नागपुरात पग जातीचा कुत्रा पाळणाऱ्यांचे सरळ दोन तट आहेत. एक पाकिटातलं कोरडं दाणेदार ड्राय फूड देणाऱ्यांचा, दुसरा ‘आम्ही घरी चिकन-भात शिजवतो’वाल्यांचा.

ड्राय फूडचा मोठा फायदा म्हणजे मोजमाप. घरात बसून असणाऱ्या 8 किलोच्या पगला दिवसाला साधारण 400 ते 450 कॅलरी पुरतात. 100 ग्रॅमला 360 कॅलरी देणारं खाद्य असेल, तर वजनकाट्यावर 110 ते 125 ग्रॅम, दोन वेळांत विभागून. एवढुसं बघून आजीचा जीव तुटतो आणि ती हळूच पोळी सरकवते. त्या एका पोळीत जवळपास 100 कॅलरी, म्हणजे दिवसाच्या कोट्याचा चौथा हिस्सा! पगला हे परवडत नाही. चपट्या नाकामुळे श्वास आधीच अपुरा, कुत्र्याला अंगातली उष्णता धापा टाकूनच बाहेर काढायची असते, त्यात चरबी वाढली की मे महिन्यातला 45 अंशांचा पारा जिवावर बेतू शकतो. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत.

ड्राय फूडची खोट पाण्याची. त्यात ओलावा जेमतेम 10 टक्के. शिवाय पगला दाणे नीट उचलता येत नाहीत. तो हवेसकट गिळतो, मग ढेकर, वास, कधी सगळं बाहेर. म्हणून कोमट पाण्यात भिजवून, पसरट उथळ ताटलीत द्या. उन्हाळ्यात उरलेलं लगेच फेका, ते आंबतं.

घरच्या जेवणात पाणी भरपूर, कुत्राही खूश. पण नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम फारच कमी असतं, झिंक आणि काही जीवनसत्त्वंही पुरत नाहीत. पशुवैद्याकडून प्रमाण आणि पूरक पावडर लिहून घेणार असाल तरच या वाटेला जा. आणि ‘घरचं’ म्हणजे आपल्या ताटातलं नव्हे. सावजी रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, शिजलेलं हाड घशात टोचतं.

ओल्या खाद्याचे पाऊच चांगले, पण रोजचा खर्च बघा.

माझा कौल भिजवलेल्या ड्राय फूडला, वर चमचाभर उकडलेला भोपळा. पिल्लू असेल तर पिल्लांचंच खाद्य घ्या. बदल आठवडाभरात, जुन्यात नवं मिसळत करा. उन्हाळ्यात जेवणाच्या वेळा भल्या पहाटे आणि दिवेलागणीनंतर, कूलरसमोर.