बँकेचा वकील: पगारावरचा, लॉ फर्मचा की एकटा?

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्स साधारण ३० कोटी डॉलरचा एक जुना व्यवहार फेडून बंद करत होती. कर्ज देणाऱ्यांच्या वतीने कारभार बघायला जेपी मॉर्गन होती. तारण उतरवण्याचे कागद करायचं काम कर्जदाराच्या लॉ फर्मकडे गेलं. भागीदाराने ते ज्युनिअरकडे दिलं, ज्युनिअरने पॅरालीगलला, म्हणजे वकिलाच्या मदतनिसाला, जुन्या नोंदी शोधायला बसवलं. तीन नोंदी सापडल्या. त्यातली तिसरी या व्यवहाराची नव्हतीच. ती होती १.५ अब्ज डॉलरच्या वेगळ्याच मुदत कर्जाच्या तारणाची मुख्य नोंद. यादीत तीही चढली. मसुदे बँकेकडे गेले, बँकेच्या बाहेरच्या वकिलांकडे गेले. नोंद क्रमांक कुणी जुळवून बघितला नाही, उलट कागद छान झालेत म्हणून शाबासकी परत आली. पुढच्या वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा घोळ बाहेर पडला. २०१५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने निकाल दिला, त्याचा मथितार्थ असा: ते तारण सोडायचं कुणाच्याच मनात नव्हतं हे मान्य, पण तो कागद दाखल करायला बँकेने संमती दिली होती, तेवढं पुरे आहे.

वित्तसंस्थेसाठी वकील कोणता धरावा असं कुणी विचारलं की मी आधी हे प्रकरण सांगतो. दोन्हीकडे नावाजलेल्या फर्म्स होत्या, फीमध्ये कुणी काटकसर केलेली नव्हती. कुठला क्रमांक कुठल्या कर्जाचा हे ज्याला पाठ असेल, असा माणूस शेवटच्या मसुद्यावर बसला नव्हता, एवढंच. म्हणून पुढची तुलना मी मुख्यतः याच नजरेने केली आहे: शेवटचं पान कोण वाचणार, आणि त्याला काय काय ठाऊक असणार.

पर्याय ढोबळमानाने तीन. पगारावरचा वकील, म्हणजे इन-हाउस. मोठी लॉ फर्म. आणि छोटं ऑफिस किंवा एकटा वकील, ज्याचा एखाद्याच विषयात हातखंडा आहे: वसुलीचे दावे, नाहीतर पेमेंटचे परवाने.

रोजचं काम

दुपारी चारला शाखेतून मेल येतो: जामीनदार बदलायचा आहे, चालेल ना? मंजुरीपत्रात व्याज दर तिमाहीला बदलेल असं लिहिलंय, करारनाम्यात दर महिन्याला, ग्राहक भांडतोय, खरं कुठलं? असे प्रश्न दिवसाला पाच-सात येतात. इन-हाउस वकिलाला उत्तर द्यायला दहा मिनिटं लागतात, कारण मंजुरीपत्राचा नमुना त्यानेच केलेला असतो. हाच प्रश्न फर्मकडे गेला की आधी फाइल उघडणार, मग समोरचा पक्ष आपलाच ग्राहक तर नाही ना हे तपासणार, मग मत येणार. आणि बऱ्याच फर्म्स वेळ सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत मोजतात. बिलाचा आकडा मला एवढा खुपत नाही. खुपतं ते वेगळंच: मीटर चालू आहे हे कळलं की अधिकारी विचारायचंच सोडतात. गेल्या वेळी चाललं होतं ना, मग आताही चालेल, असं आपापसांत ठरतं. मी स्वतः उपसलेल्या भानगडींपैकी अर्ध्याअधिक अशा न विचारलेल्या प्रश्नांतून उगवल्या होत्या.

रोजच्या कामात इन-हाउसला तोड नाही. पण त्याची दुखरी नस वेगळी. महिनाअखेरीला कर्जवाटपाचं उद्दिष्ट गाठायचं असतं, विक्रीचा प्रमुख दाराशी उभा असतो, आणि वकिलाच्या पगारवाढीवर सही त्याचीच. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? नेमणूक करताना ठरवून टाका: वकील थेट मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला आणि बोर्डाला उत्तरदायी, आणि त्याला काढायचं झालं तर बोर्डाच्या संमतीने. एवढं देता येत नसेल तर पगारावर वकील ठेवू नका. शिक्का बनवून घेणं स्वस्त पडेल.

गुपित कुणाकडे टिकतं

या मुद्द्यावर पगारावरच्या आणि बाहेरच्या वकिलात मोठा फरक पडतो, आणि तो देशागणिक बदलतो. अमेरिकेत १९८१ च्या अपजॉन निकालापासून कंपनीच्या वकिलाने कर्मचाऱ्यांशी केलेल्या बोलण्यालाही गोपनीयतेचं संरक्षण मिळू शकतं. युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये अक्झो नोबेल प्रकरणात उलटी बाजू घेतली: युरोपीय आयोगाच्या स्पर्धाविषयक चौकशीत नोकरीतल्या वकिलाशी झालेला पत्रव्यवहार गोपनीय धरला जाणार नाही, कारण नोकर हा मालकापासून पुरेसा स्वतंत्र नसतो. भारतात पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली करता येत नाही, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकिलाला मिळणारं पूर्ण संरक्षण इन-हाउस वकिलाला नाही.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. अफरातफरीचा संशय आला, नियामकाची नोटीस आली, बड्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार आली, की पहिल्या मेलपासून बाहेरचा वकील हवा. दोन आठवडे घरातच चौकशी करून, टिपणं लिहून, मग फर्मकडे धावणारे मी पाहिलेत. ती दोन आठवड्यांची टिपणंच समोरच्याच्या हाती लागतात.

फर्मचे पैसे कधी वसूल होतात

ऑगस्ट २०२० मध्ये सिटीबँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या कर्जावरचं सुमारे ७८ लाख डॉलर व्याज धनकोंना पाठवायचं होतं. गेले जवळजवळ ९० कोटी डॉलर. काहींनी परत केले, काहींनी आमचं येणंच होतं म्हणून सुमारे ५० कोटी धरून ठेवले. फेब्रुवारी २०२१ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने पैसे ठेवणाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. सप्टेंबर २०२२ मध्ये अपिलात तो फिरला. पण बाजार अपिलासाठी थांबला नाही. पहिल्या निकालानंतर लगोलग सामूहिक कर्जांच्या करारांत नवं कलम येऊ लागलं: चुकून पैसे आले तर परत करावे लागतील. ते कलम सर्वांत आधी कुणाला माहीत झालं? रोज असे करार करणाऱ्या फर्म्सना. मधल्या आकाराच्या संस्थेतला एकटा इन-हाउस वकील, कितीही हुशार असला तरी, आपल्याच टेबलावरचे करार बघतो. बाजारात काय चाललंय हे त्याला उशिरा कळतं. अनेक बँका मिळून देत असलेलं कर्ज, परदेशातलं तारण, समोरच्या धनकोंना हवा असलेला तिऱ्हाइताच्या सहीचा कायदेशीर अभिप्राय, ही कामं फर्मकडेच द्या. इथे पैसे वाचवणं हा वेडेपणा आहे.

फर्मबद्दल दोन तक्रारी मात्र राहतातच. पहिल्या भेटीला येतात ते भागीदार; नंतर मसुदा लिहितो दोन वर्षांपूर्वी रुजू झालेला मुलगा, आणि वरचे साहेब उंटावरून शेळ्या हाकतात. त्या मुलाचं नाव करारातच लिहून घ्या आणि शेवटचा मसुदा भागीदार स्वतः वाचेल अशी अट घाला. नाक मुरडतील, पण मान्य करतात. दुसरी तक्रार हितसंबंधांची. बड्या बँकांची कामं करणाऱ्या फर्म्स त्याच बँकांविरुद्ध सहसा उभ्या राहत नाहीत. तुमचा व्यवसाय छोटा आणि उद्याचा वाद एखाद्या बड्या बँकेशी होण्यासारखा असेल, तर हे आजच विचारून ठेवा.

एकट्या वकिलाबद्दल थोडक्यात. वसुलीच्या कामात तो फर्मला मागे टाकतो, कारण न्यायाधिकरणात कुठल्या प्रतिज्ञापत्रात काय राहिलं की तारीख पडते हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. धोका एकच: सगळं त्याच्या डोक्यात. तो आजारी पडला की दावा गैरहजेरीत निकाली निघतो. तारखांचं रजिस्टर तुमच्याकडे हवं, मूळ कागद तुमच्या तिजोरीत. आणि वसुलीच्या टक्केवारीवर फी ठरवायच्या आधी तुमच्या देशात ते चालतं का बघा. भारतात वकिलांना त्याची बंदी आहे.

एक उपप्रश्न हमखास येतो: वकील घेतला म्हणजे कम्प्लायन्सचा, म्हणजे संस्था नियम पाळते का हे बघणारा, अधिकारीही तोच ना? शक्यतो नको. बँकांचं कम्प्लायन्स स्वतंत्र असावं असं बँकांवरच्या देखरेखीचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या बासेल समितीने २००५ मध्येच मांडलं. वकील तुमची बाजू लढवतो. कम्प्लायन्सवाल्याला तुमच्याच चुका लिहून वर पाठवायच्या असतात. दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर चढवल्या की सहसा दुसरीच घसरते.

मग कुणी काय घ्यावं? पेमेंट कंपनी परवान्याच्या रांगेत असेल तर आधी त्याच विषयातलं छोटं ऑफिस. पगारी वकील तक्रारी यायला लागल्यावर. कर्ज देणारी संस्था असेल तर उलट क्रम: सुरुवातीपासून एक इन-हाउस, मग वसुलीसाठी एकटे वकील, आणि फर्म फक्त मोठ्या व्यवहारापुरती. माझी खूणगाठ अशी की महिन्यात तोच प्रश्न तिसऱ्यांदा बाहेर गेला, तर पगारावर माणूस घ्यायची वेळ झाली.

मुलाखतीत मी कायद्याचे प्रश्न विचारत नाही. बंद झालेल्या कर्जाची जुनी फाइल, ग्राहकाचं नाव झाकून, समोर ठेवतो आणि अर्धा तास बाहेर जातो. तिच्यात तारणाच्या नोंदीचा एक आकडा मुद्दाम उलटसुलट केलेला असतो. बहुतेक जण कलमांवर सुंदर टिपणं काढून ठेवतात. एका मुलीने आधी पट्टी मागितली, ओळीखाली धरून दोन्ही कागदांवरचे आकडे मिळवून बघायला. तिला त्याच दिवशी पत्र दिलं.