जुनं चेनसॉ घेताय? ऑईलची टाकी खाली होते का ते बघा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळलं आणि आमच्याकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. त्यानंतर ज्याच्याकडे कटर मशीन, म्हणजे चेनसॉ, तो राजा. नवीन मिळेना, मिळालं तर परवडेना. अशा वेळी तालुक्याच्या गावी एका दुकानदारानं जुनी परदेशी मशीनं ‘फुल ओव्हरहॉल’ म्हणून विकायला काढली. त्यातलंच एक मी ९,५०० रुपयांना घेतलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण त्याची युक्ती सगळ्यांना माहीत असावी.

त्यानं दोन गोष्टी दाखवल्या. मशीन चालू करून पट्टीचं (जिच्या कडेनं चेन फिरते ती) टोक पांढऱ्या पुठ्ठ्यावर धरलं, रेस दिली, पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली. “बघा भाऊ, ऑईल कसं फेकतंय. पंप नवीन टाकलाय.” मग मशीन बंद करून वर्तमानपत्रावर ठेवलं. चहा होईपर्यंत कागद कोरडा. “एक थेंब गळत नाही!” गिऱ्हाईक खूश.

आता आतली गोष्ट. पेट्रोलमध्ये आपण टू-टी मिसळतो ते इंजिनासाठी. चेनला तेल मिळतं वेगळ्या टाकीतून. फार जुन्या मशीनला अंगठ्यानं दाबायचं बटण असतं. दाबलं की आतला दट्ट्या पट्टीच्या भोकातून, चेन ज्या खाचेत फिरते तिच्यात तेल ढकलतो. कापणाऱ्यानं सारखं दाबत राहायचं, विसरला की चेन कोरडी. पुढे ऑटोमॅटिक पंप आले. बहुतेकांत एक छोटा वर्म गिअर (स्क्रूसारख्या दात्यांचा) पंप फिरवतो. तो क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावर, बसवलेला असेल तर रेस न देता नुसत्या आयडलवरही तेल येतं. क्लचच्या ड्रमवर असेल तर चेन फिरते तेव्हाच येतं. काही जुन्या अमेरिकन मशीनमध्ये गिअरच नसतो, इंजिनाच्या पोटातल्या दाबावर तेल ढकललं जातं. त्यातला वॉल्व्ह गेला की तेल उलटं इंजिनात शिरतं आणि मशीन धूर ओकायला लागतं.

माझ्या मशीनला बटण आणि ऑटोमॅटिक पंप दोन्ही होते. बटण घट्ट बसलेलं. “ते जुन्या काळचं, त्याला हात लावायचं कामच नाही,” असं दुकानदार म्हणाला होता.

पहिल्याच माडाच्या खोडात पट्टीतून धूर यायला लागला. माडाचं लाकूड चिवट, दोरखंडासारखं, म्हणून आधी धारेवर संशय गेला. चेन ढिली पडायची, ताणली की पुन्हा ढिली. पट्टीच्या कडा निळसर झाल्या. पण खरी चोरी पकडली ती टाकीनं. ऑईलची टाकी अशा मापाची असते की पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत तीही जवळजवळ रिकामी व्हावी. इथे पेट्रोल पुन्हा भरून संपलं, तरी ऑईल गळ्यापर्यंत जसंच्या तसं!

माणगावच्या मेस्त्रीनं क्लच काढला आणि हसायलाच लागला. वर्मचे दाते साफ झिजलेले, वस्तरा फिरवल्यासारखे गुळगुळीत. म्हणजे पंप फिरतच नव्हता, नवीन तर मुळीच नव्हता. तेल बाहेर येण्याच्या भोकात करड्या रंगाचं एम-सील कोंबलेलं. मेस्त्रीनं दाभणानं टोकरून काढलं. जुनी मशीनं उभ्या उभ्या थोडं तेल पाझरतातच. तो डाग गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून वाटच बुजवली होती. बटणही त्यामुळेच दबत नव्हतं. आणि पुठ्ठ्यावरची रेघ? चेन आधीच तेलात बुडवून काढलेली. अशी चेन थोडा वेळ तेल उडवतेच.

दुकानदाराकडे गेलो तर म्हणे, “तुम्ही जळकं ऑईल घातलंत, त्यानं पंप गेला.” जळक्या, म्हणजे इंजिनात वापरून झालेल्या, तेलात धातूचा कीस असतो, त्यानं पंप झिजतो हे खरंच आहे. पण पंप आधीच मेलेला होता, आणि जळक्या तेलाची ती बाटली मशीनसोबत त्यानंच फुकट दिली होती.

जुनं मशीन बघायला जाल तेव्हा फडकं घेऊन जा. मशीन बंद असताना चेन आणि खाच कोरडी पुसा, मग मिनिटभर चालवायला सांगून पुठ्ठा धरा. रेघ तेव्हाही आली पाहिजे. पट्टी उतरवून मागचं भोक बॅटरीनं बघा. तिथे लाकडाचा भुसा असला तर हरकत नाही, तो तारेनं निघतो, पण सील किंवा गोंद दिसला तर उठून या. बटण असेल तर स्वतः दाबा. आणि जमलं तर पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत लाकूड कापून बघा. विकणारा तेवढ्याला का-कू करायला लागला की समजून जा.

पावतीवर त्यानं बारीक अक्षरात ‘चालू स्थितीत तपासून घेतले’ लिहून खाली माझी सही घेतली होती. पैसे त्या एका ओळीत अडकले. तुमच्या पावतीवर ‘ऑईल पंप चालू’ असं वेगळं लिहून घ्या, त्याखाली सही त्याची.