‘दोन नंबरचा एचआयव्ही’ सांगून आम्हाला फसवलं

दादाला एचआयव्ही असल्याचं सिव्हिलमध्ये कळलं तेव्हा त्याचा सीडी-४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, ४१२ होता. रोज एक गोळी सुरू झाली, तीही फुकट. चार महिन्यांनी वहिनीच्या ओळखीतल्या कुणीतरी एका वैद्याचा पत्ता दिला.

तो अंगारे-धुपारे करणारा असता तर आम्ही दारातूनच परतलो असतो. पण त्याच्याकडे पेशींची रंगीत चित्रं होती. म्हणाला, एचआयव्ही दोन प्रकारचा असतो. पहिला प्रतिकारशक्ती पोखरतो, दुसरा मवाळ, त्यात माणूस सहज वीस वर्षं काढतो. मग त्याच्याच ओळखीच्या लॅबमधून रक्त तपासून घेतलं आणि मला म्हणाला, “ताई, नशीबवान आहात. दोन नंबरचा निघाला. त्या गोळ्यांनी उगाच लिव्हर जाईल, बंद करा.” तीन महिन्यांच्या चूर्णाचे साडेअठरा हजार घेतले. पावती मागितली तर साध्या कागदावर आकडा लिहून दिला.

पहिल्या महिन्यात दादाची भूक वाढली, चेहरा भरला. आम्ही हरखलो. चूर्णात स्टेरॉइड मिसळलेलं असावं, असा डॉक्टरांना नंतर संशय आला. नवव्या महिन्यात संध्याकाळचा ताप, खोकला, आणि तपासणीत टीबी. सीडी-४ होता १३१.

वैद्याचं निम्मं खरं होतं, म्हणून तर आम्हाला पटलं. प्रकार दोन आहेतच. एचआयव्ही-२ मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतला. महाराष्ट्र-गोव्यातल्या रक्तनमुन्यांत तो आढळल्याचं १९९१ मध्येच प्रसिद्ध झालं होतं. रक्तात त्याचं प्रमाण सहसा कमी राहतं, म्हणून सीडी-४ पेशी हळूहळू घटतात. पण शिरतो तोही त्याच पेशींत, आणि उपचार नसतील तर पुष्कळांना एड्सपर्यंत नेतो. नेव्हिरापिन, इफाविरेन्झ ही औषधं त्याच्यावर चालत नाहीत, म्हणजे प्रकार कळायला हवा तो योग्य औषध निवडण्यासाठी. हे सगळं सिव्हिलच्या डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढून समजावलं. रागावल्या नाहीत. आणि दादाच्या पहिल्याच रिपोर्टवर बोट ठेवलं. तिथे ‘एचआयव्ही-१’ असं स्पष्ट छापलं होतं. आम्ही ते कधी वाचलंच नव्हतं.

एड्स बरा करतो असा दावा औषधाच्या नावावर करायलाच आपल्या औषध नियमांत मनाई आहे. शंका आली तर १०९७ या मोफत हेल्पलाइनला विचारा, नाव सांगावं लागत नाही.

उरलेला एक डबा आणि तो साधा कागद आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे दिला आहे. तुमच्या घरी असा डबा असेल तर फेकू नका. पण आधी माणसाला एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, न्या. गोळ्या सोडल्या म्हणून डॉक्टर बोलतील, या भीतीनं ताप आल्यावरही आम्ही तीन आठवडे घरीच बसलो होतो.